डोंग्याखालचं बाळंतपण

आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी लाखनीहून आंबागडला डोंगा (एकाच खोडातून कोरलेली होडी) विकत घ्यायला निघालो. शिंगाड्याचा तलाव मला पहिल्यांदाच ठेक्यानं मिळाला होता. पावसाआधी डोंगा आला नाही तर वेल लावायचे राहणार आणि तलाव दुसऱ्याच्या हाती जाणार.

वाटेत आंधळगावच्या फाट्यावर एसटी थांबली, तेव्हा मी तोंड फिरवलं. तिथं माझी बहीण दिली आहे. तिच्या लग्नात मी मांडववाल्याशी भांडलो, म्हणून मेहुण्यानं भाच्याच्या बारशाला मला, सख्ख्या मामाला, बोलावलं नाही.

आंबागडच्या तलावाकाठी डोंगा पालथा पडला होता. मालक दशरथबाबा म्हातारे मासेमार. त्यांच्या बायकोनं, गिरजाबाईंनी, भात आणि झिंग्यांची चटणी वाढली. खाता खाता मी भाव पाडला आणि बजावलं, "या घडीपासून डोंगा माझा. मागाहून शब्द फिरवायचा नाही."

"तुमचाच जी," बाबा म्हणाले. "आता बाळंतपनही तुमचंच."

डोंग्याला लागूनच मगरीनं वाळूत अंडी पुरली होती. पिल्लं पाण्यात जाईपर्यंत तिथली काडीही हलवायची नाही, आणि ज्याची वस्तू तिथं असेल त्यानं मगरीचा भाऊ होऊन माहेरपण करायचं, ही गावची रीत.

भाव वाढवायची ही युक्ती असणार. मी तणतणत गेलो आणि डोंग्याला हात घातला. पाण्यातून मगर सरळ माझ्यावर धावून आली. मी मोहाच्या झाडावर, माझी एक चप्पल तिच्या पायाखाली; ती गेलीच.

"कायले चिडवता तिले?" गिरजाबाई खालून म्हणाल्या. "तुमचीच बहीन हाये. लुगडं नेसवा लागते."

"मगरीला लुगडं?"

"तिच्या नावानं जी. नेसतो मीच."

मी फांदीवरूनच घासाघीस केली आणि लुगड्याचा खण करून घेतला.

त्यांच्या ओसरीत आठ दिवस काढले. रोज आभाळाकडे बघायचं आणि मगरीकडे. ती काठावर नुसती पडून असे. घोरपड दिसली की मात्र तिच्यावर धावून जाई.

नवव्या दिवशी सकाळी वाळूतून बारीक आवाज येऊ लागले. मगर आली, पायांनी वाळू उकरली आणि एक पिल्लू जबड्यात धरलं.

मी ओरडलो, "खाऊन टाकलं हो!"

"खात नाही जी, नेऊन राहिली."

न फुटलेलं अंडं तिनं दातांत हलकेच फिरवून फोडलं. तोंडात पोरं घेऊन ती पाण्यात उतरे, सोडे, परत येई. मग नरही आला, एक पिल्लू उचललं आणि मामाकडे न बघताच चालू लागला. माझा मेहुणा आठवून माझा संताप झाला.

"मोजून घ्या भाचे," बाबा म्हणाले.

मी मोजले. बावीस.

दुसऱ्या दिवशी डोंगा ट्रकवर चढवला. आंधळगावच्या फाट्याशी आभाळ भरून आलं होतं, ट्रकवाल्याला घाई होती. तरी मी त्याला गाडी गावात घालायला लावली.

बहीण दारात थबकली. मागून तिचं पोरगं धावत आलं आणि ट्रकवरच्या डोंग्याकडे बघत राहिलं. मी मगरीची सगळी हकीकत सांगितली. मेहुणा हसून म्हणाला, "मंग भाऊ, त्या मगरीनं तरी तुमाले बोलावलं होतं का?"

मी विचार केला. "नाही," म्हटलं. "तिनंही नाही."

बहिणीनं पाय धुवायला पाणी दिलं. मी एकच चप्पल काढली.