डबरीचा तळ

सेक्टर दोनमध्ये आमच्या क्वार्टरमागे एक डबरी होती. डबरी म्हणजे लहानसं तळं. कारखान्यासाठी गाव उठलं, माणसं गेली, घरं गेली. ती तेवढी मागे राहिली. ठेकेदारांनी तिच्यात विटांचे तुकडे, सिमेंटची फाटकी पोती, तारा, वाटेल ते टाकलं होतं. टाउनशिपचे इंजिनिअर साहेब तिथे मुरूम भरून जागा सपाट करणार होते. आमच्या शाळेच्या मास्तरांनी आम्हा पोरांना सोबत नेऊन डबरीसाठी रदबदली केली, तेव्हा साहेब हसून म्हणाले, "होली तक पानी टिका, तो तालाब बच्चों का. नहीं टिका, तो भर देंगे."

मी आठवीत होते आणि वर्गात सगळ्यात मोठा आवाज माझा. "टिकेगा साहब, मैं बोलती हूँ ना!" असं सगळ्यांदेखत मीच सांगून बसले.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तीस-चाळीस पोरंपोरी डबरीत उतरलो. तेलुगू, पंजाबी, बंगाली, छत्तीसगढी आणि आम्ही मराठी. सगळ्यांचे बाप एकाच भोंग्यावर कामाला जाणारे. घमेली घरची, फावडी मास्तरांनी कुठून कुठून मागून आणलेली. आधी कचरा काढला, मग गाळ. गाळ इतका काळा आणि मऊ, की बायका दारात उभ्या राहून मागू लागल्या. क्वार्टरच्या बागांत नुसता मुरूम, तिथे भेंडीसुद्धा धरत नव्हती. आम्ही घरपोच गाळ वाटला आणि शाबासकी घेतली. मग मला चेव आला. नुसत्या गाळावर थांबले तर मी कसली! तळाशी लाल मुरूम दिसेपर्यंत मी पोरांना सब्बल, म्हणजे पहार, चालवायला लावली. घासलेल्या पातेल्यासारखी डबरी लख्ख झाली.

आषाढात ती काठोकाठ भरली. मग आठ दिवस उघडीप पडली आणि पाणी कमरेवरून घोट्यावर आलं. दोन दिवसांनी तेही गेलं. "अब क्या बोलती है?" वर्गातल्या एकाने विचारलं. मी त्याची वही खिडकीबाहेर भिरकावली आणि घरी येऊन ढसाढसा रडले.

माय तोवर डबरीकडे फिरकली नव्हती. भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावातली ती. क्वार्टरमध्ये आल्यापासून अवघडून गेली होती. शेजारणींची हिंदी तिला कळेना, तिचं बोलणं त्यांना. खोटं कशाला बोलू, मला तिची लाज वाटायची. त्या दिवशी मी डोळे पुसून पुन्हा डबरीवर गेले, तशी ती माझ्या मागोमाग आली, तळात उतरली, बोटाने मुरूम उकरला आणि कपाळाला हात लावला.

"तळाची काळी माती कावून काढली वो पोरी?"

"गाळच होता ना तो."

"गाय दोयतानी वासराले थोडं ठेवतो का नाई? आमच्या गावचं तळं आमी दरसाल उपसो, पन खालच्या ईतभर मातीले कोनी हात नाई लावे. तेच तर पानी धरते."

म्हणजे वाटलेली माती परत मागणं आलं. घमेलं घेऊन दारोदार हिंडताना माझा तोरा कुठल्या कुठे गेला. बंगाली काकूंच्या दोडक्याला नुकती फुलं आली होती. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग उघडलं, आणि वेलाच्या मुळाला धक्का न लावता भोवतालची माती स्वतः खुरप्याने काढून दिली.

माती तळाशी पसरली, वर घागरींनी पाणी ओतलं आणि माय लुगडं खोचून आत उतरली. रोवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या आधी धानाच्या खाचरात चिखल करतात, तसा पाणी झिरपू न देणारा चिखल करायचा होता. "उड्या नाई मारायच्या. आधी टाच दाबा, मंग पंजा, मंग सरका." आम्ही एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, या काठापासून त्या काठापर्यंत तुडवत गेलो. बाबा ड्यूटीवरून सायकलने आले आणि काठावरच थबकले.

"अवं, सारे लोकं पाहून राहिले!"

"पाहू द्या. त्याइले बी पाय हायेत," माय म्हणाली.

बाबांनी सायकल लावली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्यांच्या मागून आणखी दोघे-तिघे उतरले. पाच दिवस आम्ही तुडवत होतो. पाऊस आला, डबरी भरली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी रोज सकाळी काठावर जाऊन यायचे आणि पाणी आहे हे पाहूनच दात घासायचे.

होळीच्या आदल्या दिवशी साहेब आले. बांबू पाण्यात घातला. त्यांच्या मांडीइतक्या उंचीपर्यंत तो ओला झाला. "किसने किया?" त्यांनी विचारलं. आता ओरडायचा हक्क माझा होता, पण मी मागे वळले आणि मायला हात धरून पुढे आणलं. सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी तिचा हात सोडलाच नाही.

साहेबांनी बांबू खाली ठेवला. मग म्हणाले, "माताजी, उधर अगले सेक्टर में हमने तालाब खुदवाया है. पानी रुकता ही नहीं. आप देखेंगी?"

मायला एवढी हिंदी बरोबर कळली.

"येईन," ती म्हणाली. "पन हे सारे पोट्टे-पोट्ट्या माह्या संगं पायजेत. एकटीच्या पायानं तळं नाई होत."

दोन दिवसांनी कारखान्याचा ट्रक आमच्या दारात आला. माय पुढे ड्रायव्हरच्या शेजारी ताठ बसली, आणि मागे आम्ही चाळीस जण, अनवाणी.