दुसऱ्या गायीचा रवंथ

आमच्या ब्राह्मणपुरीत गाय रवंथ करायची थांबली की बायका शेजारच्या धडधाकट गायीजवळ जाऊन बसतात. तिच्या तोंडात रवंथाचा गोळा आला की जबडा धरून तो काढतात आणि कोमट पाण्यात कालवून आजारी गायीला पाजतात. हे बंद करा, असं पत्रक मीच काढलं होतं.

पत्रकाचा वरचा अर्धा भाग मी आजही मागे घेत नाही. पोल्ट्रीतली उरलेली प्रतिजैविकाची पावडर गुरांसाठी सुटी विकणं हा सरळ गुन्हा आहे. खालच्या अर्ध्या भागात मी लिहिलं होतं की गायीच्या पोटातले विषाणू एका जंतूची जनुकं दुसऱ्यात नेऊन घालतात, त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात, म्हणून दुसऱ्या गायीचा रवंथ पाजू नका. कुठंतरी अर्धवट वाचलेलं. शेवटी ठळक अक्षरात: अडाणीपणा सोडा.

मग आईच्या गायीला हगवण लागली. मी शहाद्याला सभेत. आईनं दुकानदाराचं ऐकून तीच पावडर चारली. हगवण थांबली, रवंथही थांबला. मी घरी आले तेव्हा आई शेजारच्या काकूंच्या गायीचा रवंथ वाटीत कालवत होती.

"माय, यामा विषाणू शेतस."

"मंग तुन्हा कागद भिजाडीसन पाजू का तिले?"

कुंपणापलीकडून काकू हसल्या. "पाज वं बाई. शाई बी औषधच शे."

मी वाटी उकिरड्यावर ओतली. आईनं अडवलं नाही. तोंडानं काही म्हणाली तरी छापलेलं खोटं नसतं, असं तिला मनातून वाटायचं.

तिसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले, तोवर गाय उठत नव्हती. त्यांनी पत्रक वाचून घडी घातली.

"हे विषाणू प्रत्येकच गायीच्या पोटात असतात. जनुकं नेतात हेही खरं. पण चारा पचवतात ते जंतूच. पावडरीनं ते मेले. त्या गोळ्यातून परत आले असते, कदाचित."

"कदाचित?"

"खात्री तुमच्या पत्रकात असते, ताई."

संध्याकाळी गाय गेली.

उरलेल्या पत्रकांचा खालचा भाग मी कात्रीनं कापला आणि का कापला ते घरोघर सांगत फिरले. काकूंनी तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"हाई वरलं बी उद्या कापशी का?"

त्यांच्या फळीवर पावडरीची नवी पुडी होती. या वेळी मला ती उचलून उकिरड्यावर टाकता आली नाही.