शंभरात चार

घरात शिरल्यावर यजमानाच्या तोंडाकडे न पाहता आधी छताकडे पाहणारा माणूस साऱ्या सिल्वासात एकच होता, आणि तो माझा साडू होता. टोकरखाड्यात आम्ही समोरासमोर राहायचो. ते खडोलीच्या एका सूत कारखान्यात बॅटरीच्या खोलीवर होते. नव्वदच्या सुमारास तिथे कंप्युटर आले आणि वीज गेली तरी ते चालू राहावेत म्हणून शेजारच्या खोलीत बॅटऱ्यांच्या रांगा मांडल्या गेल्या. चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते. त्याला ना रंग, ना वास. तो हलका असल्याने छताखाली साठतो, आणि हवेत शंभरात चार भाग झाला की एक ठिणगी पुरते. पाहुण्याला एवढी माहिती चहाच्या आधी मिळायची.

पुढे ‘शंभरात चार’ हे त्यांचं सगळ्याच गोष्टींचं माप झालं. लग्नाच्या मांडवात माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, “साडूभाऊ, शंभरात चार पाहुणे रुसले की पुरे. ते कुठे बसलेत तेवढं बघून ठेवा.” मी हिशेबी माणूस, खरंच बघून ठेवायचो, आणि भडका तिथूनच उडायचा. नायलॉन-टेरिलीन त्यांनी अंगाला लावलं नाही, कारण त्यातून ठिणगी उडते. आमलीच्या बाजारातला गुजराती कापडवाला वैतागून म्हणाला होता, “काका, शर्ट छे, फटाको नथी!” आमच्या स्वयंपाकघराची वरची झडप त्यांनीच स्टुलावर चढून कायमची उघडी करून दिली. त्यांच्या स्वतःच्या घरात तर खिडकी बंद करायची सोय नव्हती. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायची आणि तो वाऱ्याने विझायचा.

“तुमच्या हायड्रोजनला आपल्या घरी कुणी बोलावलंय?” ती विचारायची.

“सवय घरातच लागते,” असं म्हणून ते पुन्हा काडी ओढायचे. दिव्याला फुंकर लागू नये याबाबत मात्र दोघंही सारखेच कडक होते.

एका खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्रपूजेला त्यांनी मलाही नेलं. त्यांची नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती, मॅनेजरसाहेबांची सही तेवढी राहिली होती. पूजा चालू असताना साहेबांच्या पत्नी तेवतं निरांजन घेऊन एकेका यंत्राला ओवाळत होत्या. ओवाळत ओवाळत त्या बॅटरीच्या खोलीच्या दारात पोचल्या. आतल्या बॅटऱ्यांना हार आधीच चढले होते. साडूंनी सवयीने छताकडे पाहिलं. गॅस बाहेर काढणारा पंखा थांबलेला होता.

“पंखा कोणी बंद केला?”

“म्या केला, भाऊ,” धुळ्याकडचा एक कामगार कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. “सकाळीच केला. वारं लागून ताईंचा दिवा इझला असता ना!”

बाईंचं एक पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं होतं. साडू पुढे झाले आणि त्यांनी निरांजनावर फुंकर मारली.

सगळे गार पडले. “अरे, आ शुं कर्युं, भाई?” बाईंनी विचारलं. साडूंनी हात जोडून त्यांना मागे घेतलं, पलीकडच्या खोलीतला चार्जर बंद करवला, दारं-खिडक्या सताड उघडल्या. पंख्याच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही, कारण त्यातही ठिणगी असते. मग साहेबांना सगळं सांगितलं. साहेब बराच वेळ छताकडे पाहत राहिले. “उद्या भेटा,” एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर साडूंनी प्रसादाचा पेढा खाल्ला नाही. “नोकरी जाते की राहते, ते साहेब बघतील,” ते अक्काला म्हणाले. “पण ओवाळतं निरांजन फुंकलं मी.”

दुसऱ्या दिवशी सही झाली. पुढच्या वर्षीपासून कारखान्यातले लोक पूजेला एक बाद बॅटरी अंगणात आणून तिलाच हार घालू लागले. साडूंना मात्र त्या फुंकरीचा विसर पडला नाही. रोज तिन्हीसांजेला ते देवापुढे बसून ज्योतीभोवती तळहाताचा आडोसा धरायचे. वात नीट धरेपर्यंत उठायचे नाहीत. खिडकी अर्थातच उघडी असायची.

गेल्या साली ते गेले. एका संध्याकाळी आम्ही अक्काकडे बसलो होतो. दिवा फडफडू लागला म्हणून मी खिडकी लावायला उठलो.

“राहू द्या, भावोजी,” ती म्हणाली, आणि तिने ज्योतीभोवती तळहात धरला.