उजव्या हातावरची अर्धी ओळ

गंगाबाईनं सुनंचा फोन माझ्या म्होरं धरला आन् म्हणली, "चंद्रा, हातावर काय गोंदलंय तेवढं वाचून सांग. बाकीचं मला ऐकायचं न्हाई."

सकाळचे सात वाजले असतील. लोह्याच्या बसस्टँडवर माझा पेपरचा स्टॉल हाय. नांदेडहून आलेले गठ्ठे सोडून मी पुरवण्या घालून राहिले व्हते. पुरवणी म्हंजे पेपरच्या पोटातली जादा पानं. ती येगळी येतेत, आपल्या हातानं घालावी लागतेत. मी हात पुसले, चष्मा लावला, फोन घेतला.

लातूरची बातमी व्हती. मोंढ्याच्या, म्हंजे धान्याच्या बाजाराच्या, मागं एका म्हाताऱ्याचं प्रेत सापडलं व्हतं. 'वय अंदाजे सत्तर, अंगात पांढरा शर्ट व धोतर, उजव्या हातावर'. बास. तिथून म्होरं अक्षरं फिकी व्हत गेली, खाली नुसतं पांढरं, आन् त्याच्या खाली लाल पट्टी. पूर्ण बातमी वाचायची असंल तर वर्गणी भरा, महिन्याला नव्व्याण्णव. फोटो व्हता, पर धुरकट करून ठेवलेला.

"काय गोंदलंय?" गंगाबाईनं पुन्हा इचारलं.

"म्होरचं दिसंना," मी म्हणले. "झाकलंय."

गंगाबाई माझ्याच गल्लीतली. तिचे मालक मन्मथप्पा दोन वर्सापासून इसरायला लागले व्हते. घरचा रस्ता इसरायचे, जेवल्यालं इसरायचे. दिसंल त्या बसमधी जाऊन बसायचे. कंडक्टर ओळखीचे, ते उतरवून द्यायचे. या बारीला कुणी उतरवलं न्हाई. दहा दिस झाले व्हते. पोलिसात तक्रार दिली, तपास चालू हाय एवढंच सांगायचे. तेवढ्यात गंगाबाई दोन मुडदे बघून आली व्हती, एक नांदेडला, एक धर्माबादला. दोन्ही दुसऱ्याचे निघाले.

म्हणून तिला आधी हाताचं पायजे व्हतं. मन्मथप्पानं तरणेपणी माळेगावच्या जत्रेत उजव्या हातावर बेलाचं पान गोंदून घेतलेलं, खाली नाव. ती म्हणली, "पान असंल तर आत्ताच्या बसनं जाते. नसंल तर तिसरं मढं मला बघवायचं न्हाई."

आता माझ्या धंद्यातलं एक सांगते. अनोळखी माणूस मेलेला सापडला की पोलीस त्याचं वर्णन पेपरला देतेत. त्याला शोधपत्रिका म्हणतेत. तिला कोपऱ्यात जागा मिळायची, कधी लग्नाच्या जाहिरातीच्या खाली. पर माणूस हरवलेल्या घरचे लोक नेमकं तेवढंच वाचायला माझ्याकडं यायचे. त्यांच्याकडून पैसे घ्यायचे न्हाईत, हे आमचे मालक व्हते तवापासूनचं ठरलेलं. मालक गेले, स्टॉल माझ्याकडं आला. माझी शाळा तिसरीपोत्तर. उरलेलं वाचन मी मथळ्यावरच शिकले. ती रीत काय मी मोडली न्हाई.

शेजारी सलीमचं चहाचं हॉटेल हाय. त्यानं ऐकलं. खिशातला फोन काढून आला.

"मावशी, मी भरतो ना. एक मिनटाचं काम हाय."

"नको," मी म्हणले.

"कामून?"

"मढ्याच्या बातमीला पैसे घेतेत व्हय रे? आज फोनवर आली, उद्या छापून येईल. उद्या फुकट वाचंल ती."

"अरे, नव्व्याण्णव रुपयाला काय हुतंय?"

"तुला काय हुतंय? त्यांच्या घशात घालायला तुझं दूध उतू चाललंय का?"

मी एवढी का तापले, ते बी सांगते. दोन महिन्यामागं पेपरच्या हापिसातले सर्क्युलेशनचे साहेब आले व्हते. सर्क्युलेशन म्हंजे पेपर किती खपतो ते बघणारं खातं. म्हणले, "आजी, आता तुम्ही ॲपची वर्गणी विकायची. महिन्याला वीसचं टार्गेट."

मी म्हणले, "ॲप घेतलं की माणूस पेपर बंद करंल. माझ्या लाईनीतलं एक घर कमी. मंग मी काय विकू?"

लाईन म्हंजे पेपर टाकायची घरं.

"आजी, जमाना बदलला."

"बदलू द्या. मी न्हाई इकणार."

एक बी विकलं न्हाई. तो राग पोटात व्हता. सलीम मधीच गावला.

गंगाबाईनं एकदा सलीमच्या तोंडाकडं बघितलं, एकदा माझ्या. म्हणली, "चंद्राला पेपरचं कळतं. उद्या येती म्हणती तर येईल." फोन पदराखाली घेतला आन् गेली.

दुसऱ्या दिवशी मी गठ्ठे सोडायच्या आधी ती येऊन बसली व्हती. पेपर घेऊन एकेक पान उलटून राहिली. तिला अक्षर येत न्हाई. तरी प्रत्येक पानावर हात फिरवून बघत व्हती, कुठं म्हाताऱ्याचा फोटो हाय का ते.

बातमी न्हाईच व्हती.

यायची बी न्हाई, हे मला ठाऊक पायजे व्हतं. पेपर एक असला तरी त्याच्या आवृत्त्या येगळ्या असतेत. नांदेडची येगळी, लातूरची येगळी. लातूरच्या मोंढ्यातलं मढं नांदेडच्या पानावर येत न्हाई. एवढी वर्सं मी हेच विकून राहिले, आन् आदल्या दिवशी रागात तेच इसरले.

लातूर गाडीच्या डायवरला सांगितलं, उद्या येताना लातूरचा आजचा पेपर घेऊन या. तो हाव म्हणला.

गंगाबाई उठली. "चंद्रा, आजच जाऊ का मी लातूरला?"

"एक दिस थांब," मी म्हणले. "तिसऱ्यांदा हेलपाटा कशाला? उद्या सकाळी हातात पेपर देते तुझ्या."

ती थांबली.

तिसऱ्या दिवशी डायवरनं पेपर खिडकीतूनच दिला. मी उभ्या उभ्या शोधला. पाचव्या पानावर व्हती बातमी. दोन ओळी. मोंढ्याच्या मागं अनोळखी वृद्धाचा मृतदेह आढळला, पोलीस तपास करीत आहेत. त्याच्या खाली काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला. आन् चौकोनाखाली बारीक अक्षरात, सविस्तर वृत्त ॲपवर.

कागदावर बी कुलूपच.

या बारीला सलीमनं मला इचारलं न्हाई. चौकोनावर फोन धरला, बोटानं काय काय दाबलं. चुलीवरचं दूध वर यायच्या आत बातमी उघडली. त्यानं फोन माझ्या हातात दिला. मी वाचायला लागले. शर्ट, धोतर, उजव्या हातावर बेलाचे पान. मी थांबले.

"पान हाय?" गंगाबाईनं इचारलं.

"हाय."

"खाली नाव?"

मालकाचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलेलं न्हाई. मी वाचलं, "मन्मथ."

तिनं मान हलवली. मंग म्हणली, "फोन लाव त्यांला."

बातमीच्या शेवटाला पोलिसांचा नंबर व्हता. तो बी झाकलेल्यातच व्हता. सलीमनं लावला. तिकडचा माणूस चांगला बोलला. सलीम नुसता "जी, जी" म्हणत राहिला आन् फोन ठेवल्यावर माझ्याकडं न बघता म्हणला, "मावशी, काल दुपारी पुरलं त्यांला. तीन दिस ठेवलं व्हतं. कुणी आलं न्हाई म्हणून पालिकेच्या माणसांच्या ताब्यात दिलं."

काल सकाळी मी तिला थांब म्हणले व्हते.

गंगाबाईचं घर लिंगायताचं. त्यांच्यात पुरतेतच, पर आडवं न्हाई. मांडी घालून बसवतेत, हातात त्याचं लिंग देतेत, जंगम मंत्र म्हणतो. लिंग म्हंजे ते लोक गळ्यात बांधतेत ते. मन्मथप्पा इसरायला लागले तवापासून ते लिंग काढून कुठं बी ठेवायचे. गेले त्या दिवशी ते कोनाड्यात राहिलं. गंगाबाईनं ते पदराच्या गाठीला बांधून ठेवलेलं. नांदेडला, धर्माबादला, दोन्ही बारीला संगं नेलं व्हतं, मिळाले तर हातात द्यायला.

मी स्टॉल सलीमवर टाकला आन् तिच्या संगं गाडीत बसले. लातूर येईपोत्तर तिनं पदराची गाठ मुठीत धरली व्हती. खिडकीतून बघत व्हती.

पोलिसांनी फोटो दाखवला. तिनं एकदाच बघितला. कागदावर अंगठा दिला. मंग एका माणसाला संगं देऊन आम्हाला त्या जागेवर धाडलं. ओळीनं मातीचे ढीग, प्रत्येकावर पत्र्याची पट्टी, पट्टीवर नंबर. नाव न्हाई. खणणारा माणूस तिथंच बसला व्हता. उठून उभा राहिला.

गंगाबाईनं त्याला इचारलं, "बसवलं का झोपवलं?"

"झोपवलं, माय. आम्हाला काय ठाऊक."

संगंचा पोलीस म्हणला, बाहेर काढायचं असंल तर अर्ज करा, तहसीलदाराचा हुकूम लागंल, दिवस जातील.

"नका," गंगाबाई म्हणली. "आता नका हलवू." मंग पदराची गाठ सोडली. "उजवा हात कोणीकडं हाय?"

त्या माणसानं इचार केला. डोकं कुठं, पाय कुठं, दोन पावलं हिकडं तिकडं केली आन् बोट दाखवलं. ती खाली बसली. हातानं माती उकरली, कोपरापोत्तर हात घातला आन् लिंग तिथं ठेवलं. माती परत ओढली. मी बी ओढू लागले. तिनं माझा हात धरला न्हाई आन् बाजूला बी सारला न्हाई.

आता वरीस व्हत आलं. गंगाबाई माझ्या संगं बोलते, भाजी देते-घेते. त्या दोन दिवसांचं कधी काढत न्हाई. मी बी काढत न्हाई.

मी महिन्याला नव्व्याण्णव भरते. सलीम भरून देतो, मी त्याला पैसे देते. नांदेड, लातूर, दोन्हीकडच्या शोधपत्रिका उघडते आन् स्टॉलच्या फळ्यावर खडूनं लिहिते. वय, कपडे, अंगावरची खूण, पोलिसांचा नंबर. लिहायला येळ लागतो, अक्षर वाकडं येतं, पर वाचता येतं.

मागं साहेब आले. फळा बघितला. म्हणले, "आजी, हे असं लिहिता येत न्हाई. ही वर्गणीदारांची बातमी हाय."

"डस्टर तिथं हाय," मी म्हणले. "पुसा तुमच्या हातानं."

त्यांनी फळ्यावरचं वाचलं. बाईचं व्हतं त्या दिवशी, हिरवी साडी, कपाळावर गोंदण. साहेबांनी चहा घेतला आन् न पुसता गेले.

पैसे घेतेत ते बरोबर का चूक, त्याचं मला अजून ठरवता आलं न्हाई. बातमीदाराला बी पोट असतं, तेवढं मला कळतं. पर एक शिकले. दुकानात माणूस हरवलेलं घर येऊन उभं राहिलं की आधी कुलूप उघडायचं, कंपनीसंगं भांडण मागून करायचं. राग माझा व्हता, दोन दिस तिचे गेले.