अंगतपंगत

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि तिला मधुमेह आहे. डबा खाण्याआधी तिला इन्शुलिन द्यावं लागतं. शाळा म्हणते, सुई आम्ही टोचणार नाही. म्हणून रोज साडेअकराला मी ऑफिसातून स्कूटर काढते, कोथरूडच्या सिग्नलांना शिव्या घालत शाळा गाठते, सुई देते आणि बाराच्या आत खुर्चीत परत येते. नवरा फिरतीवर असतो. फोनवर तो फार काळजी घेतो.

एकदा सुई दिली की दोन पोळ्या पोटात जायलाच हव्यात, नाहीतर रक्तातली साखर घसरते. तिच्या दंडावरच्या सेन्सरचा आकडा माझ्या मोबाईलवर दिसतो, सत्तरच्या खाली गेला की मोबाईल कोकलतो. लोक म्हणतात, केवढी सोय. मला ते गळ्यातलं दावं वाटतं. शाळेतल्या ताईंना मी लिहून दिलं होतं, दुसऱ्याच्या डब्यातलं तिला काहीही देऊ नका. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्या शुक्रवारी साहेबांनी बाराला मीटिंग लावली. मी सुई दिली, डबा उघडून दिला आणि पळाले. साडेबाराला मोबाईल कोकलला. मी तेवढ्यापुरता आवाज बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा कोकलला.

"मॅडम, मीटिंग आमची आहे की तुमच्या फोनची?" साहेब म्हणाले.

सगळे हसले. सांगायला लाज वाटते, मीही हसले. मग टेबलाखाली आकडा पाहिला. चोपन्न.

बाहेर येऊन ताईंना फोन लावला. "तिने डबा खाल्ला का?"

"अहो, आज अंगतपंगत होती ना. सगळे गोल बसले. तिने आपल्या पोळ्या सगळ्यांना वाटल्या, इतकी गुणी आहे. तिला मात्र आम्ही कुणाचं काही घेऊ दिलं नाही. तुम्ही सांगितलंत तसंच."

"तिला साखर द्या. आत्ता, पाण्यात कालवून."

"अहो, पण मधुमेहात साखर?"

मी ओरडले. त्यांची काही चूक नव्हती, तरी ओरडले.

पोचले तेव्हा ती ताईंच्या मांडीवर होती, घामाने भिजलेली, पण डोळे उघडे. आकडा वर चढत होता. पर्समध्ये साहेबांचा फोन वाजत होता.

घरी आल्यावर विचारलं, "पोळ्या का गं वाटल्यास?"

"सगळेच देत होते." तिने दप्तरातला रिकामा डबा काढून माझ्या हातात दिला. "आता मी कुणालाच नाही देणार, आई."

"शहाणी गं माझी," मी म्हणाले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.