हिरलही येणार

नंदुरबारच्या रतिलालभाऊंनी सगळ्या घराची मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढली, पण धाकट्या भावाच्या बायकोला, दीपमालाला, बजावलं, "हिरल दीड वरीसनी शे. तिले माहेरले ठेवी दे."

"मन्ही पोर मन्हा संगे येई, दादा. नही ते मी बी येत नही." लग्नानंतर पहिल्यांदाच दीपमाला जेठांसमोर मान वर करून बोलली.

हिरल आली. बोटीवरच्या जेवणाच्या हॉलमध्ये तिनं ताटली उलटी केली आणि भोकाड पसरलं. शेजारच्या टेबलावरची बाई कुरकुरली, "इतकी लहान मुलं आणतातच कशाला?"

रतिलालभाऊंनी दाराकडे बोट केलं. "बाहेर लई जाय तिले."

दीपमाला जागची हलली नाही. पोरीला मांडीवर घेऊन तिनं वरणभाताचा घास कालवला आणि त्या बाईंना सांगितलं, "भूक लागली की लेकरू रडणारच. ती जेवेल आणि इथंच जेवेल."

तेवढ्यात सासू सिंधुबाई आपली ताटली उचलून सुनेशेजारी येऊन बसल्या आणि निवांत जेवू लागल्या. रतिलालभाऊंचं बोट खाली आलं. हिरलनं वरणभात चाटूनपुसून खाल्ला.

जेवणानंतर दीपमाला तिला कडेवर घेऊन डेकवर गेली. "देख," ती म्हणाली, "हाऊ दर्या शे."