तिसऱ्या उडीपाशी उभा असलेला मोतद्दार

आमच्या घराण्यातला मी पहिला बी.कॉम. इंग्रजी नियम वाचता येतात म्हणून, मी नोकरीला होतो त्या, स्पर्धेचा खर्च उचलणाऱ्या कंपनीने मला चिंचवडला, हौशी क्लबांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत, नोंदी लिहायला बसवलं. घोड्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

सकाळपासून पाऊस कोसळत होता. तिसऱ्या उडीपाशी, म्हणजे घोड्यांनी ओलांडायच्या तिसऱ्या आडव्या दांड्यापाशी, माझ्या टेबलाजवळ, घोड्याची निगा राखणारा एक मोतद्दार डोक्यावर गोणपाट घेऊन उभा होता. घोडा उडी मारून गेला की तो अनवाणी पायाने पलीकडचा चिखल चाचपायचा.

"लई निसरडं झालंय, भाऊ. पाय मोडंल एखाद्याचा. आमचं साहेब आयकत न्हाईत."

शेवटी, तो सांभाळायचा त्याच घोडीवर त्याचे साहेब आले. ही शेवटची उडी मारली की त्यांचा क्लब जिंकणार होता. घोडी भरधाव आली, मोतद्दाराचा हात गोणपाटाखाली हलला आणि ती जागीच थबकली. तीनदा तसंच झालं. तीनदा अडली की नियमाप्रमाणे घोडी बाद.

साहेब माझ्यावर ओरडले, "यानं खूण केली! तसं लिहून द्या, आजच काढतो याला!"

मी मोतद्दाराला हळूच विचारलं, "केलीत का हो?"

घोडीचा पाय पुसत, वर न बघता तो म्हणाला, "तुमी शिकल्यालं हाय. दिसलं त्ये लिवा."

हात हलला होता खरा. पण तोंडावरचं पाणी पुसायलाही हात हलतोच. मी लिहिलं, "घोडी थांबली."

साहेब तणतणत निघाले, मागून तो घोडी घेऊन गेला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं, ते आभार मानायला की माझी कीव करायला, हे मला अजून कळलेलं नाही.